दुकानात कासवं ठेवू का, या प्रश्नाला एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईचं लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चिपळूणजवळ तुम्ही पेट शॉप टाकताय, कुत्र्यामांजरांचं खाणं, पट्टे, शाम्पू, माशांच्या टाक्या असा माल ठरलाय, आणि मुंबईचा सप्लायर म्हणतोय सोबत ती छोटी हिरवी कासवं घ्या, डझनावारी देतो, पटापट खपतात, ऑर्डर आली तर इग्वाना म्हणजे ती मोठी परदेशी पाल आणि बॉल पायथन म्हणजे छोटा परदेशी अजगर, तेपण मिळवून देतो, परदेशी जनावरं आहेत म्हणजे आपल्या कायद्यात येत नाहीत. घरचे नको म्हणतायत. आणि तुमचा प्रश्न असा की मुळात दुकानातून सरपटणारे प्राणी विकायला परवानगी असावी का, आणि असेल तर मी ठेवू का.

सरळ उत्तर आधी देते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. माझ्या मते दुकानाच्या काउंटरवरून असे प्राणी विकणं बंद असावं. पाळण्यावर सरसकट बंदी असावी असं मात्र मी म्हणत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. आणि तुम्ही ठेवू नका.

मी कोण, तर बावीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. माझं रोजचं काम गाईम्हशी, शेळ्या आणि हल्ली कुत्री-मांजरं. सरपटणाऱ्यांची स्पेशालिस्ट मी नाही, कॉलेजात आम्हाला त्यांच्याबद्दल फारसं शिकवलंच नव्हतं, जे काय येतं ते मुंबईच्या एका सिनियर सरांना रात्रीबेरात्री फोन करकरून आणि खरं सांगायचं तर पहिली चारपाच कासवं हातात मेल्यावर आलं. तेव्हा माझं म्हणणं त्या मापाने घ्या. पण एक आहे, मुंबईतल्या स्पेशालिस्टकडे येतं ते हौशी माणसाचं जनावर, माझ्याकडे येतं ते दुकानातून उचलून आणलेलं, आणि तुमचा प्रश्न त्याच्याबद्दलच आहे.

तुम्ही विचारता परवानगी असावी का, सप्लायर म्हणतो कायद्यात येत नाही, घरचे म्हणत असतील मुक्या जीवाचे तळतळाट लागतील. मला यातलं एकही मूळ दुखणं वाटत नाही. मूळ दुखणं असं की हे जनावर मरायला फार वेळ घेतं. कुत्र्याचं आजारी पिल्लू विकलंत तर तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ते पिल्लू काखेत मारून तुमच्या दारात उभं राहणार, पैसे परत मागणार, बाजारभर बोंब होणार, म्हणजे तुमची इच्छा असो नसो पिल्लं नीट ठेवावीच लागतात. कासव चुकीचं ठेवलं तर वर्ष-दीड वर्ष काढतं, ओरडत नाही, लंगडत नाही, फक्त हळूहळू कमी हलतं, आणि लोकांना वाटतं कासवच ते, हळूच चालणार. ते मरेपर्यंत गिऱ्हाईक तुमच्या दुकानाला विसरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा आपलीच काहीतरी चूक झाली असं समजून गप्प बसतं. म्हणजे वाईट माल विकला की धंद्यात जी थप्पड बसते ती इथे बसतच नाही. म्हणून मी म्हणते की चांगला दुकानदार असला की पुरे हे कासवांच्या बाबतीत खरं नाही, चांगल्या दुकानदारालाही कळत नाही आपण काय विकलं ते.

एक केस सांगते. मागच्या पावसाळ्यात एक बाई आणि तिचा तिसरीतला मुलगा आला, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात कासव. दोन्ही डोळे सुजून बंद, वर पांढरट पापुद्रा. मुलगा म्हणाला झोपलंय. मी उचलून पाठ अंगठ्याने दाबली तर ती आत गेली, ओल्या पुठ्ठ्यासारखी, आणि अंगठा काढल्यावर सावकाश वर आली. बाईने ते बघितलं आणि तिचा चेहराच पडला, कारण कासवाची पाठ दबते हे कुणालाच बघवत नाही. विचारलं खायला काय देता, तर लालपिवळ्या गोळ्या आणि वाळवलेला जवळा, दुकानदाराने दिलेला डबा. राहतं कुठे, तर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, मधे बेट, बेटावर प्लास्टिकचा माड. ऊन? खिडकीजवळ ठेवतो ना मॅडम, काचेतून छान ऊन येतं. दुकानदाराने सांगितलेलं, रोज दोन दाणे टाका, आठवड्याने पाणी बदला, बाकी काही नाही. किंमत अडीचशे रुपये.

आता यात चुका किती. कासवाचं कवच म्हणजे वरून घातलेला डबा नव्हे, त्याच्या फासळ्या आणि मणके पसरून एकत्र झालेत, ते हाडच आहे. हाडाला कॅल्शियम लागतं, खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागायला डी व्हिटॅमिन लागतं, आणि ते तयार व्हायला उन्हातला यूव्हीबी भाग थेट अंगावर पडावा लागतो. काचेतून उजेड येतो, ऊब येते, यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. म्हणजे त्या खिडकीत ते कासव दीड वर्ष उन्हात बसून उपाशी होतं म्हणा ना. मग शरीर काय करतं, रक्तातलं कॅल्शियम टिकवायला स्वतःच्या हाडातून ओढून घेतं, आणि कवच मऊ पडतं. डोळ्यांचं कारण वेगळं, नुसत्या जवळ्यावर ठेवलं की ए व्हिटॅमिन कमी पडतं, पापण्या सुजतात, दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून अजून कमी पडतं. बरं इंजेक्शन द्यायचं तर तेही जपून, ए चा डोस जरा वर गेला की कासवाची कातडी सोलून निघते, हे मी एकदा केलंय आणि विसरलेले नाही. ते आइस्क्रीमच्या डब्यातलं कासव अकराव्या दिवशी गेलं. बाईंचा औषधपाण्याचा खर्च किमतीच्या सातपट झाला असेल.

त्या दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. त्याला खरंच तेवढंच माहीत होतं, कारण त्याच्या दुकानात कासव आठवड्याच्या वर कधी राहतच नव्हतं.

आता आकाराचं बघा. ती कासवं अमेरिकेतली, मिसिसिपी नदीच्या भागातली, कानाच्या जागी लाल पट्टा असतो म्हणून रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. विकताना रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी असतात, पण मादी पुढे जेवणाच्या ताटाएवढी होते, पाठ २५ ते ३० सेंटिमीटर, आणि नीट ठेवलं तर २०-३० वर्षं सहज जगतं. तिसरीतला मुलगा नोकरीला लागून त्याचं लग्न होईपर्यंत. त्याला लागतं काय तर मोठी टाकी, फिल्टर, कारण कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, बाहेर येऊन कोरडं व्हायला जागा, तिथे ३० च्या वर तापमान, यूव्हीबीचा बल्ब, आणि तो बल्ब दिसायला पेटत राहिला तरी सहा महिने-वर्षाने त्यातला यूव्हीबी संपतो म्हणून बदलायचा. जे दुकान अडीचशेचं कासव विकतं ते हे सगळं सांगूच शकत नाही, सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल. हे लक्षात घ्या, खरी माहिती दिली की माल खपत नाही असा हा माल आहे.

आणि त्यात आपला मुलूख. पुण्याचा माणूस निदान कासव गच्चीत घेऊन बसेल, आपल्याकडे मिरग लागला की श्रावण सरेपर्यंत आभाळ उघडत नाही, कपडे वाळत नाहीत तिथे कासव काय वाळणार. पाठीला बुरशी, छातीत सर्दी, पाण्यात एका बाजूला कलून पोहणारं कासव दिसलं की बहुतेक फुप्फुसात गेलेलं असतं. तुम्ही म्हणाल बल्ब लावू, पण लाईट? २०२० च्या जूनमध्ये लॉकडाऊनमुळे मुंबईचं एक कुटुंब दापोलीकडे गावच्या घरी येऊन राहिलेलं, सोबत इग्वाना, चांगला चार फुटी. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि त्यांच्याकडे जी लाईट गेली ती तीन आठवडे गेली. थंडीने ते मेलं नाही, कोकणात जूनमध्ये थंडी कुठली, पण या जनावरांचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं, आपल्यासारखी आतली भट्टी नसते. ३५ अंशाची जागा मिळाली नाही की पोटातलं अन्न तसंच पडून सडतं. घरच्यांना वाटलं अशक्त झालाय, म्हणून उकडलेली अंडी चारली. इग्वाना पालेभाजी खाणारा प्राणी, अंड्याचा भार किडनीवर. रस्ते झाडं पडून बंद, मी तिथे पोचेपर्यंत आठवा दिवस. पोट टम्म, पाय थरथरतायत. वाचला नाही. ती माणसं हौशी होती, पैसेवाली होती, पुस्तकं वाचून पाळत होती, तरी. मग अडीचशेवाल्याचं काय घेऊन बसलात.

दुसरा विषय, जनावर सुटण्याचा. आपल्या दुकानांचं तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही चिपळूणचेच. २२ जुलै २०२१ ला बाजारात पाणी भरलं तेव्हा एका ओळखीच्या दुकानातल्या टाक्या शटरच्या फटीतून बाहेर गेल्या. मालक नंतर माशांसाठी हळहळत होता, कासवांचं म्हणाला ती काय, ती पोहत गेली असतील. पुढच्या वर्षी एक पोरगा पऱ्यावर गरी टाकून बसलेला, त्याने मला कासव आणून दाखवलं, लाल पट्टा स्पष्ट, वाटीएवढं झालेलं, अंगात चांगलं रग होतं. तेच होतं असं मी म्हणणार नाही, कुणी कंटाळून सोडलेलंही असेल. पण एवढं नक्की की पोसायला जमत नाही म्हटल्यावर लोक ते मारत नाहीत, सोडतात, आणि सोडताना पुण्य केल्यासारखं वाटतं. देवळाच्या तळ्यात सोडतात, वहाळात सोडतात, एका गृहस्थांनी तर गुहागरच्या किनाऱ्यावर नेऊन चक्क समुद्रात सोडलं आणि मला व्हिडिओ पाठवला, हात जोडलेल्या इमोजीसकट. त्यांचं तरी काय चुकलं, वेळासला २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखतात, पिल्लं समुद्रात सोडताना बघायला दरवर्षी गर्दी होते, मग कासव म्हणजे समुद्रात सोडायचं हे डोक्यात बसणारच. पण त्या समुद्री कासवांचे, ऑलिव्ह रिडलेचे, हात वल्ह्यासारखे असतात आणि याला बोटं नि नखं, हे गोड्या पाण्याचं. तो व्हिडिओ बघून त्यांना काय उत्तर लिहावं मला अजून सुचलेलं नाही.

हा स्लायडर जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे. नवीन ठिकाणी तगतो, मिळेल ते खातो, तिथल्या कासवांच्या उन्हाच्या जागा बळकावतो. युरोपियन युनियनने त्याची आयात १९९७ मध्येच थांबवली. जपानमध्ये तर घरोघरी होता, तिथे १ जून २०२३ पासून विकायला आणि बाहेर सोडायला बंदी, पण ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांनी पाळायला हरकत नाही. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते, कारण पाळण्यावर पण बंदी घातली असती तर रातोरात सगळी कासवं नदीत गेली असती. आणि अमेरिका, जिथलं हे मूळ, तिथे १९७५ पासून चार इंचापेक्षा लहान पाठीची कासवं पाळायला म्हणून विकता येत नाहीत. कारण साल्मोनेला. कासवाच्या आतड्यात तो जंतू त्याला काही न होता राहतो, पोरं कासव हातात घेतात, तोंडात घालतात, मग जुलाब-ताप. म्हणजे तुमचा सप्लायर जो साइज डझनाने द्यायला निघालाय तो त्यांच्याकडे पन्नास वर्षं बंद आहे.

आता आपल्याकडचा एक मुद्दा जो बाहेरच्या चर्चेत येत नाही. तुमच्या दुकानात कासवं दिसायला लागली की महिन्याभरात कुणीतरी गोणीतून कासव घेऊन येईल आणि विचारेल, घेणार काय? नदीत जाळ्याला लागलेलं, शेतात चिखलणीला सापडलेलं. मग कुणी घोरपडीबद्दल विचारेल, मग एक जण आवाज खाली करून मांडुळाचं विचारेल, वजन किती असलं की किती लाख वगैरे, ती सगळी भंपकगिरी तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही नाही म्हणाल, मला खात्री आहे. पण गावाला एक गोष्ट कळलेली असते की इथे कासवाचे पैसे होतात. आपली नदीतली कासवं असोत की ते चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव, जे लोक वास्तूसाठी, भरभराटीसाठी घरात ठेवतात, कायद्याने यांना हातही लावता येत नाही. भरभराटीसाठी देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं ते पुरे आहे, त्याला बल्ब लागत नाही.

सापांचं तर आणखी निराळं. आपल्याकडे जुनी माणसं साप शब्द तोंडात घेत नाहीत, जनावर म्हणतात, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आठवीतला एक मुलगा लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत जनावर घेऊन दवाखान्यात आला. मॅडम, बॉल पायथनचं पिल्लू सापडलं, कुणाचंतरी पळालेलं असणार, मोबाईलवर बघितलंय अगदी असंच असतं. बरणी टेबलावर ठेवली. तपकिरी अंग, त्यावर साखळीसारखे गडद ठिपके, आणि प्रेशर कुकरची शिट्टी यायच्या आधी येतो तसा आवाज. घोणस. नुकतं जन्मलेलं, जेमतेम वीतभर, पण विष पहिल्या दिवसापासून असतं. पोराने ते टॉवेलने उचललेलं, त्याच्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता, आणि मी पुढची पंधरा मिनिटं त्याचे हात उलटेसुलटे करून बघत बसले. सर्पमित्राला बोलावून पिल्लू दिलं. अजगराचं पिल्लू म्हणून घोणस उचलणं हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. त्यात बॉल पायथन गळ्यात घातलेले व्हिडिओ, आणि उद्या बाजारात काचेच्या पेटीत तोच साप विकायला. ज्या गावात नाग, घोणस, फुरसं, मण्यार चारी घराच्या आसपास फिरतात तिथे पोरांना साप हातात घ्यायची सवय लावायची? मला पटत नाही, माझ्यावर कुणी जुनाट म्हणून हसलं तरी.

कायद्याचं थोडक्यात, मी वकील नाही. परदेशी म्हणजे कायद्यात नाही हे सप्लायरचं म्हणणं आता जुनं झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि त्यातल्या अनुसूची ४ मध्ये, म्हणजे चौथ्या यादीत, सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातले परदेशी प्राणी आलेत. इग्वाना आणि बॉल पायथन दोन्ही सायटीसमध्ये आहेत. अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, २०२४ मध्ये त्याचे नियम आलेत, विकला, दिला, पिल्लं झाली, मेला, सगळं कळवावं लागतं. म्हणजे ऑर्डर आली की मिळवून देतो हे प्रकरण बिस्किटाच्या पुड्यासारखं नाही. प्रत्येक जात या यादीत असेलच असं नाही, ते जातीगणिक बघावं लागतं, पण यादीत नसली तरी ती देशात आली कशी हा प्रश्न राहतोच, जिवंत प्राणी आयात करायला परवाना आणि क्वारंटाइन लागतं. सप्लायरकडे फक्त आयातीचे कागद मागून बघा. विमानतळावर बॅगांमधून कासवं-साप पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आपल्याकडचे अनुसूची १ मधले, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेले प्राणी असतील तर गुन्हा शाबीत झाल्यावर किमान ३ वर्षं कैद, जास्तीत जास्त ७, आणि किमान २५ हजार दंड. बाकी तुम्ही पुढेमागे ससे, पक्षी जरी विकलेत तरी २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ते आधी करून घ्या. शंका असेल ती वनविभागाला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या, तोंडी घेऊ नका.

आता माझ्या विरुद्धची बाजू, कारण ती खोटी नाही. रत्नागिरीत माझा एक क्लायंट आहे, इंजिनियर, त्याच्याकडे बॉल पायथन आहे, नोंदणी केलेला, पेटीला कुलूप, दोन थर्मोस्टॅट कारण एक बिघडला तर, इन्व्हर्टरची वेगळी लाइन, आणि वहीत तारखेप्रमाणे वजन, खाणं, कात कधी टाकली सगळं. सहा वर्षांत तो माझ्याकडे दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा तपासून मी फी घ्यायला लाजले. त्याला बंदी घालून काय मिळवणार? पण तो साप त्याने येता जाता दुकानातून उचलला नाही. आठ महिने वाचत होता, आधी पेटी तयार केली, दोन महिने रिकामी पेटी चालवून तापमान लिहून ठेवलं, मग साप आणला, तोही पैदास करणाऱ्याकडून कागदासकट. दुकानाचं काम बरोबर उलटं असतं. दुकान चालतं ते 'अय्या किती गोड' वर, आणि त्या अय्याला तीस वर्षं बांधून घालणं हे मला चूक वाटतं.

दुसरा आक्षेप असा की दुकानातली विक्री बंद केली तर सगळं चोरून होईल. होईल, थोडं होईल. पण चोरून घेणारा कोण असतो, ज्याला मुद्दाम शोधून घ्यायचंच आहे तो. वाढदिवसाला काहीतरी द्यायचं म्हणून बाजारात शिरलेली आत्या चोरून कासव घेत नाही, ती बॅट घेते. आणि माझ्याकडे मरायला येणारी दहातली आठ कासवं या आत्यांचीच असतात. माझ्या हातात असतं तर मी एवढंच केलं असतं, की दुकानात जिवंत ठेवायचं नाही, पैदास करणाऱ्याने नोंदणी करून थेट द्यायचं, घेणाऱ्याची पेटी आधी तयार असल्याशिवाय द्यायचं नाही, आणि नको झालं तर त्यानेच परत घ्यायचं. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त कामाचं, कारण परत घ्यावं लागणार म्हटलं की माणूस विकताना आपोआप विचार करतो.

तुमच्या दुकानापुरतं बोलायचं तर धंद्याच्या हिशोबानेही बघा. डझनभर कासवांत तुम्हाला हजार-दीड हजार सुटतील, एकदाच. मांजराचं खाणं नेणारी बाई दर महिन्याला येणार आहे, तीही शेजारणीला घेऊन. ज्यांच्याकडे आधीच कासवं आहेत असे लोक तुमच्याकडे येतीलच, त्यांच्यासाठी यूव्हीबी बल्ब, फिल्टर, बरं खाणं ठेवा, बल्बवर विकल्याची तारीख लिहून द्या म्हणजे बदलायला परत तुमच्याकडेच येतील, आणि कासव हाताळलं की साबणाने हात धुवा, टाकी स्वैपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका एवढं सांगत जा. कुणी नको झालेलं कासव सोडायला निघालं तर थांबवा. आपल्याकडचं स्थानिक जनावर असेल तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. स्लायडर असेल तर माझ्याकडे पाठवा, मागच्या दारी सिमेंटची टाकी आहे, त्यात सध्या सात आहेत, आठव्याला जागा होईल, नवव्याचं बघू. आमचे हे म्हणतात टाकी बुजवून तिथे सुपारी लावू, पण त्यांनाच सकाळी त्या सातांना कोबीची पानं टाकल्याशिवाय चहा जात नाही.

आणि सप्लायर पुन्हा विषय काढेल तेव्हा भांडू नका, फक्त विचारा की ताटाएवढं झाल्यावर गिऱ्हाईक परत घेऊन आलं तर तू निम्म्या किमतीत तरी परत नेशील का. तो काय म्हणाला ते मला नक्की कळवा.